आधी पैसे, मग खेळ : वर्गणीतून तयार होणारे व्हिडिओ गेम आणि आपला विश्वास



गेल्या सत्रात संगणकाच्या तासाला नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हाला एक प्रश्न विचारला. परदेशातील काही मंडळी एक नवा व्हिडिओ गेम तयार करणार होती. गेम अजून झालेला नव्हता. काही रंगीत चित्रे आणि तीन मिनिटांची चित्रफीत एवढेच दाखवायला होते. ‘आज पैसे द्या, गेम तयार झाला की सर्वांत आधी तुम्हाला मिळेल,’ असे त्यात म्हटले होते. या मुलाकडे दिवाळीत मिळालेले आणि आजोबांनी दिलेले मिळून दोन हजार रुपये साठले होते. त्याचे वडील मसाटच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला आहेत. त्या घरात दोन हजार रुपये ही लहान रक्कम नाही. तो म्हणाला, "सर, पैसे बुडणार तर नाहीत ना?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. नंतर वाचून, विचारून जे समजले ते या पाठात मांडत आहोत.

वर्गणी आपल्याला नवी नाही

पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून एखादे काम उभे करणे याला हल्ली ‘क्राउडफंडिंग’ म्हणतात. आपल्या भाषेत ती लोकवर्गणीच. गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी येते. आपण राहतो तो प्रदेशही वर्गणीला परका नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाले. त्या लढ्यासाठी पैसा हवा होता, म्हणून लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. संगीतकार सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, त्या प्रयत्नात पुढे होते आणि ते स्वतः लढ्यातही उतरले.

याच बाबूजींनी पुढे ‘वीर सावरकर’ हा चित्रपट लोकांच्या देणग्यांतून काढायला घेतला. काम अनेक वर्षे रेंगाळले. अखेर २००१ साली चित्रपट पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी बाबूजी गेले. ज्यांनी देणगी दिली त्यांना फार वाट पाहावी लागली, पण काम पुरे झाले. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. उशीर झाला म्हणजे फसवणूक झालीच असे नाही. आणि लोकांनी पैसे दिले ते माणूस माहीत होता म्हणून. त्याचे आधीचे काम त्यांनी कानांनी ऐकले होते. आता प्रश्न असा की ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याचे काम ठाऊक नाही, त्याला पैसे द्यावेत का?

ही पद्धत चालते कशी?

अमेरिकेत २००९ साली ‘किकस्टार्टर’ ही संस्था सुरू झाली. गेम तयार करणारा तेथे आपली योजना मांडतो, किती रक्कम हवी ते सांगतो आणि मुदत ठरवतो. मुदतीत ठरलेली रक्कम जमली तरच वर्गणीदारांचे पैसे घेतले जातात. कमी पडली तर कोणाचेच घेतले जात नाहीत. जमलेल्या रकमेतून संस्था ५ टक्के शुल्क कापून घेते. त्याशिवाय पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही दुकानातील खरेदी नव्हे. वर्गणीदाराला धंद्यात भागीदारी मिळत नाही आणि नफ्यातला वाटाही मिळत नाही. करार होतो तो गेम करणारा आणि वर्गणीदार या दोघांत. किकस्टार्टर त्या करारात पक्षकार नसते. काम पुरे करणे ही करणाऱ्याची जबाबदारी असते. काम फसले तर पैसा कोठे गेला हे त्याने सांगायला हवे. पण ते पैसे आपल्या हाती परत येतीलच याची हमी कोणी देत नाही. शिवाय १८ वर्षांखालील मुलांना तेथे स्वतःचे खाते उघडता येत नाही. म्हणजे पालकांना विचारल्याशिवाय हा मार्ग मुलांसाठी नाहीच.

पुण्याची ‘राजी’

याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाच्या एका छोट्या संस्थेने ‘राजी’ हा गेम करायला घेतला. राक्षसांनी पळवलेल्या आपल्या लहान भावाला, गोलूला, सोडवायला निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ही गोष्ट आहे. दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे पाहत पाहत ती सांगतात. २०१७ साली या मंडळींनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. ठरलेली रक्कम जमली नाही. नियमाप्रमाणे त्यांच्या हाती काहीच आले नाही.

तरी त्यांनी काम सोडले नाही. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपली सदनिका विकून पैसा उभा केला. पुढे एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीचे अनुदान मिळाले, एक प्रकाशकही मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी’ निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर व इतर यंत्रांवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्या पदार्पणाच्या गेमसाठी असलेल्या पुरस्काराच्या नामांकनांत त्याचे नाव होते.

म्हणजे येथे वर्गणी फसली आणि काम मात्र झाले. ज्यांनी पैसे देऊ केले होते त्यांची पारख चुकलेली नव्हती. यावरून एक सावधगिरीचा धडा उलट बाजूनेही घ्यावा. प्रत्येक नव्या माणसाकडे संशयाने पाहिले तर चांगली कामेही अडतात, आणि ती करणाऱ्याला घर विकावे लागते.

परदेशातील चार गोष्टी

२०१२ साली ‘डबल फाइन’ या अमेरिकी कंपनीने ४ लाख डॉलर मागितले. ८७ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ३३ लाख डॉलर दिले. गेम त्याच वर्षी देण्याचे ठरले होते. पैसा वाढला तसे कामही वाढवले गेले. शेवटी ‘ब्रोकन एज’चा पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये आला. गेम मिळाला, पण उशिरा.

त्याच २०१२ साली ‘योगव्हेंचर्स’ या गेमसाठी ५ लाख ६७ हजार डॉलर जमले. २०१४ साली काम बंद केल्याचे जाहीर झाले. तो गेम कधीच आला नाही.

‘स्टार सिटिझन’ची वर्गणीही २०१२ मध्येच सुरू झाली आणि गेम २०१४ मध्ये देऊ असे सांगितले होते. त्याचा अर्धवट भाग लोक खेळतात, वर्गणी चालूच राहिली आणि ती ७० कोटी डॉलरच्या पुढे गेली. मात्र २०२४ साल संपले तरी पूर्ण गेम आलेला नव्हता.

चौथी गोष्ट ऑस्ट्रेलियातील ‘टीम चेरी’ची. २०१४ साली त्यांनी फक्त ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. ५७ हजार जमले. २०१७ साली ‘हॉलो नाइट’ आला आणि जगभर नावाजला गेला. वर्गणीच्या वेळी त्यांनी हॉर्नेट या पात्राचा खेळ देण्याचेही कबूल केले होते. तो वाढत वाढत वेगळाच गेम झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आला. अकरा वर्षांपूर्वीच्या वर्गणीदारांना तो विनामूल्य दिला गेला.

सगळेच बुडते असेही नाही. २०१५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टरच्या सुमारे ४७ हजार वर्गणीदारांना विचारून अभ्यास केला. सुमारे ९ टक्के योजनांनी कबूल केलेली वस्तू दिली नव्हती, असे त्यात आढळले. (ही संख्या सर्व प्रकारच्या योजनांची आहे, केवळ गेमची नव्हे.) म्हणजे शंभरातील बहुतेक योजना दिलेला शब्द पाळतात. पण आपले पैसे त्या नवांपैकी एखादीत गेले, तर आपल्यापुरते ते पूर्णच गेले.

पैसे देण्यापूर्वी काय पाहावे?

१. करणाऱ्यांनी यापूर्वी एखादे काम, लहान का होईना, पुरे केले आहे का?
२. नुसती चित्रे आहेत की खेळून पाहता येईल असा नमुना आहे?
३. मागितलेली रक्कम, माणसे आणि मुदत यांचा मेळ बसतो का? पाच माणसे एका वर्षात सारे जग उभे करू म्हणत असतील तर थांबावे.
४. अडचणी काय येऊ शकतात हे त्यांनी स्वतःहून सांगितले आहे का? ज्याला काहीच अडचण दिसत नाही, त्याने काम केलेले नसते.
५. पूर्वी पैसे घेतले असतील तर त्यांचा वृत्तांत वेळोवेळी दिला आहे का?
६. हे पैसे गेले तर घरात कोणाचे काही अडेल का? अडणार असेल, तर पुढे विचारच करू नये.

आमच्या मते यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. अशी वर्गणी ही मदत समजून द्यावी, खरेदी समजून देऊ नये. मदत म्हणून दिली आणि गेम आला तर आनंद. नाही आला तर हळहळ वाटेल, पण घर अडणार नाही.

त्या मुलाचे काय झाले?

त्याने वडिलांबरोबर बसून वरच्यासारखेच प्रश्न एकेक करून पाहिले. त्या मंडळींचे आधीचे एकही काम सापडले नाही आणि खेळून पाहायला नमुनाही नव्हता. दोघांनी पैसे न देण्याचे ठरवले. तो आम्हाला म्हणाला, "सर, गेम झाला तर तेव्हा विकत घेईन." आम्हाला त्याचे उत्तर पटले. खेळून पाहता येईल असा नमुना असता आणि त्याने दोनशे रुपये दिले असते, तर तेही आम्हाला पटले असते.

जाता जाता एक गोष्ट विश्वस्त मंडळींसाठी आणि आमच्या स्वतःसाठीही. शाळाही पालकांकडून वर्गणी घेते. मुलांना वरचे सहा प्रश्न शिकवायचे तर तेच प्रश्न आम्हालाही विचारले जावेत. किती जमले, कशावर खर्च झाले, काय राहिले, हे पालकांना न मागता कळले पाहिजे. विश्वास मागायचा असेल तर हिशेब आधी दाखवावा.

स्वाध्याय

१. ३३ लाख डॉलर जमले असता ५ टक्के शुल्क किती होईल?
२. ‘हॉलो नाइट’साठी मागितलेल्या रकमेपेक्षा किती टक्के अधिक रक्कम जमली?
३. ‘उशीर’ आणि ‘फसवणूक’ यांतील फरक पाठातील दोन उदाहरणांवरून स्पष्ट करा.
४. आपल्या गल्लीतील एखाद्या उत्सवाच्या वर्गणीला वरचे सहा प्रश्न लावून पाहा. घरी आई-वडिलांशी चर्चा करून दहा ओळी लिहा.