काम बंद करायचं, तेही नीट



गट कसा सुरू करायचा हे आपण बऱ्याच पाठांमधून शिकलो. दशसूत्री तर आपल्याला तोंडपाठ आहे. पण एखादं काम बंद करायची वेळ आली तर काय करायचं? हे कुणी शिकवत नाही. म्हणून या महिन्याचा पाठ त्यावर.

आमच्या गावात तालुक्याच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं युनिट काम करायचं. ही सरकारी योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. यातली मुलं-मुली दोन वर्षांत २४० तास समाजाचं काम करतात आणि दत्तक गावात ७ दिवसांचं शिबिर घेतात. आमच्याकडे त्यांनी शोषखड्डे खणले, दर शनिवारी लहान मुलांचा अभ्यासवर्ग घेतला आणि समाजमंदिरात पुस्तकांचं कपाट लावलं.

पुढे कॉलेजात मुलं कमी झाली, काम बघणारे सर बदलून गेले आणि युनिट बंद करायचं ठरलं. त्यांची गटप्रमुख मुलगी आमच्या बैठकीत आली. म्हणाली, "मावशी, पुढच्या महिन्यापासून आम्ही नाही येणार." तिचे डोळे भरून आले होते. आमच्यातली एक आजी म्हणाली, "अगं बाई, येणार नाही ते कळलं, पण कपाटाची किल्ली कुणाकडे देणार?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न अगदी बरोबर होता.

कारण आम्ही एकदा पोळलेल्या होतो. काही वर्षांपूर्वी गावात एक शिवणवर्ग निघाला होता. एक दिवस शिकवणाऱ्यांचं येणं थांबलं. मशिनी कुठे गेल्या, फीचे पैसे कुठे गेले, आजवर कळलं नाही. त्यानंतर दुसरा चांगला वर्ग आला, तर एकही बाई नाव द्यायला तयार होईना. काम बंद पडलं याचं दुःख थोडे दिवस राहतं, पण विश्वास गेला की पुढच्या कामाचीही वाट बंद होते.

म्हणून त्या मुलांसोबत बसून आम्ही पुढच्या गोष्टी एकेक करून केल्या.

१. आधी सांगणं. ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांना सगळ्यात आधी कळलं पाहिजे. अभ्यासवर्गातल्या मुलांना चार शनिवार आधीच सांगितलं. नाहीतर पोरं दप्तर घेऊन पायरीवर वाट बघत बसली असती.

२. पैशांचा हिशोब. सरकारी अनुदानाचा हिशोब कॉलेजला द्यायचा, त्यात आपला हात नाही. पण पुस्तकांसाठी ६२ घरांनी १००-१०० रुपये दिले होते. जमा ६,२००. पुस्तकांना ४,३५० आणि ट्यूबलाइटला ४८० गेले. शिल्लक १,३७०. कुणी म्हणालं, वाटून घेऊ. वाटले तर घरटी २२ रुपये आले असते आणि कपाट तसंच राहिलं असतं. पैसे पुस्तकांसाठी दिले होते, मग पुस्तकांसाठीच राहू देत, असा ठराव झाला. रक्कम ग्रामसंघाकडे जमा केली आणि पावती घेतली.

३. वस्तूंची यादी. पुस्तकं १४०, त्यातली ११ लोकांच्या घरी. फळा एक, किल्ल्या दोन. यादीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन्ही सह्या घेतल्या. घरोघरी फिरून ९ पुस्तकं परत आली. २ हरवली, तसं यादीत लिहिलं. लपवलं नाही.

४. पुढे काय चालणार? अभ्यासवर्ग गावातल्या बारावी झालेल्या दोघी मुलींनी घेतला, पण महिन्यातून दोनच शनिवार. शोषखड्ड्यांची सफाई ज्याची त्याने करायची. प्रभातफेरी मात्र बंद झाली, हे सरळ सांगून टाकलं. जे झेपणार नाही त्याला उगाच हो म्हणू नये.

५. काम करणाऱ्यांचे कागद. ही गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. मुलांचे तास नोंदवहीत पूर्ण लागले नाहीत तर त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही. दोन वर्षं राबलेल्या पोरांच्या हाती काहीच उरलं नसतं. ज्यांचं एकच वर्ष झालं होतं त्यांचं पुढे काय, हेही त्यांनी कॉलेजात लेखी विचारलं.

६. शेवटची बैठक. सगळा हिशोब मोठ्याने वाचून दाखवला, शंका विचारायला वेळ दिला. मग चहा-पोहे झाले. मुलांना आम्ही ओवाळलं. ती मुलगी किल्ली देताना रडली, पण मान वर करून गेली.

आता आपल्या गटाकडे वळू. गट बंद व्हावा असं कुणालाच वाटत नाही. पण बायका स्थलांतर करतात, वय होतं, कधी पटत नाही. गट बंद करायची वेळ आलीच तर क्रम चुकवू नका. सगळ्यांना कळवून बैठक आणि लेखी ठराव. मग अंतर्गत कर्जाची वसुली. बँकेचं कर्ज फेडून त्याचा दाखला. ग्रामसंघाकडून घेतलेला समुदाय गुंतवणूक निधी परत. त्यानंतरच उरलेल्या बचतीचं वाटप, प्रत्येकीची सही घेऊन. शेवटी पासबुक आणि उरलेले चेक बँकेत देऊन खातं बंद. बचत आधी वाटली आणि कर्ज मागे राहिलं, तर बँकेच्या चकरा अध्यक्ष-सचिवांनाच माराव्या लागतात. नोंदवह्या रद्दीत घालू नका, ग्रामसंघात जपून ठेवा. एखादीला पुढे नव्या गटात यायचं असेल तर त्याच कामी येतील.

पुढच्या बैठकीत यावर बोला:

• आपल्या गावात न सांगता बंद पडलेलं एखादं काम आठवतं का? त्याचा हिशोब मिळाला का?
• आपल्या गटाच्या वस्तू आणि किल्ल्या कुणाकडे आहेत? यादी आहे का?
• आज गट थांबला तर प्रत्येकीची बचत आणि कर्ज किती, हे वही बघून सांगता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर वही पूर्ण करायला त्याच बैठकीत बसा. गट बंद करायचा नसला तरी.