घर घेताना वकील कसा निवडावा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी आहे, पण पुष्कळ लोक तिचा अर्थ उलटा घेतात. कोर्ट नको म्हणून ते वकीलही नको म्हणतात. जन्मभराची पुंजी घालून घर घेतात आणि कागद मात्र कोणा ओळखीच्या माणसाकडून उरकून घेतात. मग दोन-चार वर्षांनी दाव्याची नोटीस दारात येते. तेव्हा वकील करावाच लागतो, आणि तो महागात पडतो. घर घेण्याआधी केलेला वकील त्या मानाने स्वस्त. भांडण आपल्या दारापर्यंत येऊ नये, एवढ्यासाठीच तो करायचा असतो.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. कायद्याचे पंडित नव्हे. पण शाळेतून निवृत्त झाल्यावर गावातली माणसे कागद वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. त्यामुळे लोक कोठे फसतात ते आम्हांला पुष्कळ पाहायला मिळाले. तेच येथे सांगतो.

खरेदी ठरली की तुमच्याभोवती माणसे जमतात. विकणारा असतो, दलाल असतो, दस्त लिहिणारा असतो. कर्ज काढले असेल तर बँकेचा वकील असतो. इमारत नवी असेल तर बिल्डरचा वकील असतो. सगळे गोड बोलतात, चहा पाजतात. यांतला तुमचा माणूस कोणता? नीट विचार करा. एकही नाही. विकणाऱ्याला पैसे हवे आहेत. व्यवहार झाला तर दलालाला दलाली मिळते, मोडला तर मिळत नाही; मग तो मोडा असे कशाला सांगेल? दस्त लिहिणारा तुम्ही सांगाल ते चांगल्या भाषेत लिहून देतो. विकणारा खरा मालक आहे का, हे शोधणे त्याचे काम नव्हे.

बँकेच्या वकिलाविषयी तर फार गैरसमज आहे. “बँकेनं कर्ज दिलं, म्हणजे कागद चोखच असणार,” असे लोक म्हणतात. बँकेचा वकील कागद तपासतो हे खरे, पण बँकेसाठी तपासतो. समजा, घराची किंमत ३० लाख रुपये आहे आणि कर्ज १२ लाखांचे आहे. त्या १२ लाखांची काळजी बँक करील. उरलेले १८ लाख तुमच्या घामाचे. त्यांची काळजी कोणी करायची?

“पण सरकारी कचेरीत नोंद होते ना?” असे कोणी विचारील. होते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत नोंदवावेच लागते. नोंदणीशिवाय घर तुमचे होत नाही. परंतु दुय्यम निबंधक, ज्याच्या कचेरीला आपण रजिस्टर ऑफिस म्हणतो, तो माणसांची ओळख पाहतो, मुद्रांक शुल्क भरले का ते पाहतो, आणि दस्त नोंदवून घेतो. विकणारा खरा मालक आहे की नाही, याचा निवाडा तो करीत नाही. शिक्का बसला म्हणजे मालकी पक्की झाली, असे समजू नका.

म्हणून एक माणूस असा हवा, की त्याची फी तुम्ही देता आणि तुम्हीच देता. दलाल म्हणेल, “आपले वकीलसाहेब आहेत ना, ते दोघांचंही करतील. तेवढीच फी वाचेल.” त्याला हात जोडून नाही म्हणावे. तुमचे आणि विकणाऱ्याचे हित एक नसते. दोघांचा एकच वकील असला की अडचणीचा प्रश्न कोणीच विचारीत नाही.

असा वकील शोधावा कोठे? वकिलाने आपल्या कामाची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. तेव्हा मोठमोठ्या पाट्या पाहून जाऊ नये. गेल्या चार-पाच वर्षांत ज्यांनी घर घेतले, त्यांना विचारावे. “तुमच्या वकिलानं काय काय तपासलं?” असा प्रश्न करावा. “चांगला माणूस आहे,” एवढेच उत्तर आले तर आणखी एका घरी जावे.

आपल्या राज्यातल्या वकिलाचे नाव महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या पटावर असते. त्याला सनद म्हणतात. सनदेला नंबर असतो आणि नंबराच्या शेवटी साल असते. त्यावरून हा गृहस्थ कधीपासून पटावर आहे ते कळते. नंबर विचारायला लाजू नये. मात्र जुना तेवढा चांगला असेही नाही. खुनाच्या खटल्यात नाव काढलेला वकील खरेदीखताच्या कामात तरबेज असेलच असे नाही. डोळे दाखवायला आपण दातांच्या डॉक्टरकडे जात नाही. “साहेब, घरजमिनीच्या कागदांची कामं तुम्ही नेहमी करता का? आमचे कागद तुम्ही स्वतः वाचणार, की आपले ज्युनिअर वाचणार?” हे सरळ विचारावे. मुंबईत अशा कामात मुरलेल्यांना सॉलिसिटर म्हणण्याची जुनी रीत आहे. तालुक्याच्या गावी तसे वेगळे नाव नसते, पण कामाने ते ओळखू येतात.

कामाने ओळखायचे कसे, ते आता पाहू. आमच्या मते वकिलाची परीक्षा त्याच्या उत्तरांवरून होत नाही, त्याच्या प्रश्नांवरून होते.

समजा, तालुक्याच्या गावी एक जुने माडीचे घर विकायला निघाले आहे. तिघे भाऊ ते विकीत आहेत. प्रॉपर्टी कार्डावर तिघांचीच नावे आहेत. एक वकील कार्ड बघतो आणि म्हणतो, “तिघांची नावं, तिघांच्या सह्या. झालं काम. उद्या या.” दुसरा वकील चष्मा पुसतो आणि विचारतो, “घर वडिलांचं होतं ना? ते कधी वारले? मृत्युपत्र केलं होतं का? आई आहे का? बहिणी किती?”

भाऊ म्हणतात, “बहिणींचं काय घेऊन बसलात! दोघींची लग्नं थाटात केली. त्यांनी साडीचोळीवर हक्क सोडला.”

वकील म्हणतो, “नोंदवलेलं हक्कसोडपत्र असेल तर दाखवा.”

ते नसते. पुष्कळदा ते नसतेच. हिंदू कुटुंबात बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या कायद्याने दिला आहे. २००५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. विधवा आईचाही वाटा असतो. कार्डावर नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क जात नाही, आणि साडीचोळी घेतल्यानेही जात नाही. तुम्ही तिघा भावांना सगळे पैसे मोजाल, घराला रंग द्याल, राहायला जाल; आणि एके दिवशी थोरली बहीण आपला वाटा मागेल. तिचे काही चुकत नाही. चूक त्या पहिल्या वकिलाची, ज्याने बहिणी किती हे विचारलेच नाही.

आमच्या वाचकांत पुष्कळ भगिनी आहेत. तुम्हीही कोणाच्या तरी बहिणी आहात. माहेरचा कागद सहीला आला तर हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने वाचा.

चांगला वकील आणखीही बारीक विचारतो. मूळ खरेदीखत दाखवा म्हणतो. झेरॉक्सवर समाधान मानीत नाही. कारण मूळ कागद बँकेत ठेवून घरावर कर्ज काढता येते. विकणारा मालक नसून त्याचा मुखत्यार असेल, तर मुखत्यारपत्र नोंदवलेले आहे का आणि मालक आज हयात आहे का, हे पाहतो. मालक वारला की साधे मुखत्यारपत्र संपते. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकत घेतले असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. मोकळा प्लॉट असेल तर तो सातबाऱ्यावरचे “इतर हक्क” वाचतो, आणि “भोगवटादार वर्ग २” असे शब्द दिसले तर थांबतो, कारण तशी जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही. नव्या इमारतीत महारेराचा नंबर मागतो. बिल्डरने नोंदवलेला करार करण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, असा २०१६ चा कायदा आहे.

मग तो रजिस्टर ऑफिसातील जुन्या नोंदी काढतो. याला सर्च म्हणतात. साधारण ३० वर्षांच्या नोंदी पाहण्याची पद्धत आहे. गहाण सोडवून घेण्याचा दावा लावायला कायद्याने ३० वर्षांची मुदत दिली आहे, हे त्याचे एक कारण. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, की या घरावर कोणाचा हक्क असेल तर इतक्या दिवसांत कळवा. या सगळ्याला वेळ लागतो. उद्याच सही करा असे सांगणारा वकील घाई कोणासाठी करतो, ते ओळखा. आणि हे होईतो विसाराची मोठी रक्कम देऊ नका. विसार घेताना माणूस वेगळा असतो, परत मागताना वेगळा.

फी आधी ठरवावी. ती कोणत्या कामाची, सर्च आणि नोटीस तिच्यात धरली आहे का, हे कागदावर लिहून घ्यावे आणि पावती घ्यावी. सर्चचा अहवाल सहीनिशी लेखी मागावा. “सगळं ठीक आहे” हा अहवाल नव्हे. मुद्रांक शुल्काची रोकड कोणाच्या हाती देऊ नये. ते सरकारी चलनाने भरता येते आणि चलनावर तुमचे नाव येते. घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून या शुल्कात १ टक्का सवलत आहे, तेही वकिलाला विचारून ठेवा. ज्यांना वकिलाची फी झेपत नाही त्यांनी तालुका विधी सेवा समितीत जावे. तेथे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि गरीब यांना मोफत सल्ला मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा टेलिफोन नंबर आहे.

खरेदीखताचा मसुदा सहीच्या चार दिवस आधी घरी आणावा. एकेक ओळ बोट ठेवून वाचावी. तुम्ही आता वाचू शकता, हे विसरू नका. “निर्वेध” म्हणजे ज्यावर कोणाचा हक्क किंवा कर्ज नाही असे. “बोजा” म्हणजे घरावरचे कर्ज. “कब्जा” म्हणजे ताबा. तो कोणत्या तारखेला मिळणार ते लिहिलेले हवे. “चतुःसीमा” म्हणजे चारही बाजूंना कोणाचे काय आहे ते. कागद हातात घेऊन घराभोवती एक फेरी मारा आणि चतुःसीमा जुळतात का पाहा. एखादा शब्द कळला नाही तर वकिलाला विचारा. जो समजावून सांगायला कंटाळतो, तो वकील आपल्या कामाचा नाही.

सही झाली की दस्त ४ महिन्यांच्या आत नोंदणीसाठी हजर करावा लागतो. बहुतेक वेळा त्याच दिवशी करतात. तेथे फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतात, आणि लोक पेढे वाटतात. वकिलाचे काम मात्र तेथे संपत नाही. मूळ दस्त आणि इंडेक्स दोनची प्रत हाती यायची असते. प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर तुमचे नाव लागायचे असते. पुष्कळ जण हे राहू देतात आणि दहा वर्षांनीही कार्डावर जुन्याच मालकाचे नाव निघते. म्हणून फीचा थोडा भाग नाव लागल्यावर द्यायचा, असे पहिल्याच दिवशी ठरवावे. नवे कार्ड आले की आपले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव आणि चौरस मीटरचा आकडा खरेदीखताशी ताडून पाहा. एक वेलांटी चुकली असेल तरी त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.