तोच फ्लू, दमेकऱ्याला जड का जातो?

पावसाळा लागला की वस्तीत घरोघरी ताप-खोकला शिरतो. नातू चार दिवसांत खेळायला लागतो. त्याच घरातल्या दमा असलेल्या आजीला मात्र दवाखान्यात न्यावे लागते. विषाणू एकच, मग असे का?

आपल्या श्वासनळ्यांत अतिसूक्ष्म केस असतात. कफ आणि त्यात अडकलेले जंतू ते वर ढकलतात. विडीचा आणि चुलीचा धूर या केसांची नासधूस करतो. दमा व सीओपीडी या आजारांत नळ्या आधीच सुजून अरुंद झालेल्या असतात. टीबी बरा झाला तरी फुप्फुसावर व्रण राहू शकतात. अशा फुप्फुसात श्वासाची शिल्लक कमी असते. फ्लू किंवा कोरोनाने सूज थोडी वाढली, तरी ऑक्सिजन कमी पडू शकतो.

"पंपाची सवय लागते," असे आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. ही भीती सोडू या. बरे वाटले म्हणून डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप आपल्या मनाने बंद करू नये. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावी. घरात खोकणाऱ्याने मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी. वंदनेला फुले वाहू या, पण रुग्णाजवळ अगरबत्ती नको. विडी तर नकोच.

ताप-खोकल्यासोबत दम वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एक वाक्य बोलतानाही धाप लागली, ओठ निळसर पडले किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच १०८ला फोन करावा.