ओळख दुसऱ्याची, शब्द आपला

गोव्यात डिचोलीच्या बाजारात किंवा पेडण्यातल्या एखाद्या वाड्यावर देणगी मागायला गेलात, तर संस्थेचे नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘तूं कोणाची गो?’ मी पेडण्याची लेक आणि डिचोलीची सून, त्यामुळे दोन्ही तालुक्यांत मला या प्रश्नाचे उत्तर देता येते. त्यात जन्मभर सरकारी आरोग्य केंद्रांत नर्सची नोकरी. निवृत्तीनंतर आम्ही काही जणींनी रुग्णसाहित्याचे केंद्र काढले, तेव्हा पैसे जमवायचे काम आपसूक माझ्या गळ्यात पडले. उचलती खाट, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी, ऑक्सिजनचे यंत्र: ज्याला हवे त्याने न्यावे, गरज सरली की परत आणावे. काम छोटे, पण यंत्रे बिघडतात, गाद्या फाटतात, खोलीचे भाडे थांबत नाही.

ओळखीवर पैसा उभा करणे आपल्याकडे नवीन नाही. पणजीची मुष्टिफंड संस्था 1908 सालची. घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करून शिक्षणाचे काम उभे राहिले, म्हणून ते नाव. मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी 1919 मध्ये गोवा हिंदू असोसिएशन काढली. ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणणारी हीच संस्था. फोंड्याजवळ बांदिवड्याचे ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धाश्रमही तिचाच. म्हणजे आपल्या माणसांकडे आपल्या माणसांसाठी मागण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. सांभाळून राहायचे ते दुसऱ्याच गोष्टींपासून, आणि त्या कुणी आधी सांगत नाही.

पहिली गोष्ट लोहखनिजाच्या खाणींची. 2012 पर्यंत डिचोली तालुक्यात देणगीला तोटा नव्हता. आमच्या वहीत ट्रकमालक होते, बार्जवाले होते, टायरचा दुकानदार, गॅरेजवाला, पेट्रोल पंपाचा मॅनेजर, मये-शिरगावच्या रस्त्यावर खाणावळ चालवणारी बाई होती. आम्हाला वाटे, किती तऱ्हेतऱ्हेची माणसे आपल्याला जोडलेली आहेत! सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि मग कळले की वहीतल्या सगळ्यांचा पैसा एकाच मातीतून येत होता. ट्रक दारात उभे राहिले, तसा टायरवाला बसला आणि खाणावळवालीची चूल थंडावली. पुढच्या वर्षी चवथीआधी मी एका ट्रकमालकाकडे गेले होते. दरवर्षी न मागता पाकीट देणारा माणूस. अंगणात दोन ट्रक, एकाच्या चाकांखाली दगड लावलेले, बॅटरी काढून ओसरीवर ठेवलेली. त्याने चहा दिला आणि म्हणाला, ‘बाय, औंदा तुमीच कितें तरी दिया.’ तो हसत होता, पण बँकेचा हप्ता थकला होता हे गावाला ठाऊक होते. त्याच्या वडिलांसाठी आमच्याच केंद्रातली खाट नंतर त्या घरी गेली.

2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, 2018 च्या मार्चमध्ये काम पुन्हा बंद. डिचोलीचा खाणपट्टा लिलावात गेला तो डिसेंबर 2022 मध्ये आणि तिथे काम सुरू व्हायला 2024 उजाडले. एवढ्या काळात कितीतरी मंडळे, ग्रंथालये, भजनी पथके मिटली. आमचे केंद्र तगले ते पेडण्याच्या शिक्षकांमुळे आणि पोस्टातून, बँकांतून निवृत्त झालेल्या माणसांमुळे. त्यांची रक्कम लहान असे, पण पेन्शन खाणीवर अवलंबून नव्हते. म्हणून सांगते, देणगीदारांची यादी केलीत की प्रत्येक नावापुढे ‘याचा पैसा कुठून येतो’ हे लिहा. वहीत नावे शंभर असतील आणि उगम एकच असेल, तर तुमच्याकडे देणगीदार एकच आहे. आता हेच मी पेडणेकरांना सांगत असते. मोपाच्या विमानतळावर जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. टॅक्सी, हॉटेल, जमिनीची दलाली, हरमल-मांद्र्याचा सीझन यांतून पैसा खेळतो आहे. तो जरूर मागावा. पण वर्षाचा सगळा खर्च त्याच्यावर टाकू नये.

दुसरी गोष्ट नोकरीतल्या ओळखींची. इथे माझे मत जरा कडक आहे, काहींना पटत नाही. नर्स म्हणून मला कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे कळत होते. आमच्यातल्या एकीचे म्हणणे, ‘त्याच घरांत जाऊ या, त्यांना कामाचे मोल कळते.’ मी नको म्हटले. घरात माणूस अंथरुणाला खिळलेला असताना आलेल्या नर्सला कोण नाही म्हणेल? ते देणे मनापासूनचे नसते, भीतीपोटीचे असते; उद्या काळजी नीट घेतली नाही तर, ही भीती. बाराव्याच्या जेवणाला पावतीपुस्तक घेऊन जाणारेही मी पाहिले आहेत. त्यांना हाकलायला हवे. आम्ही साहित्य परत घेताना फक्त आभार मानतो. ज्यांना द्यायचे असते ते वर्षश्राद्धाच्या सुमारास आपणहून येतात, आणि तीच माणसे पुढे वर्षानुवर्षे देतात.

तसेच बँकेचे. बँकेत नोकरी करणाऱ्या एका हितचिंतकाने मोठ्या ठेवी असणाऱ्यांची नावे काढून देतो म्हणून सांगितले होते. हेतू चांगला होता. पण ती माहिती ठेवीदारांची, त्याच्या हाती ती नोकरीमुळे आलेली. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला तो अशाच गोष्टींसाठी. डॉक्टरने रुग्णांची, शिक्षकाने पालकांची, चार्टर्ड अकाउंटंटने पक्षकारांची यादी कुणाला देऊ नये आणि कुणी मागूही नये. त्यांनी करण्याजोगे दुसरे आहे: आपल्या टेबलावर संस्थेचे पत्रक ठेवावे, कुणी विचारले तर दोन शब्द सांगावेत. निर्णय समोरच्याचा आणि फोनही त्यानेच करावा.

सर्वांत जास्त नुकसान होते ते मात्र दुसऱ्याचे नाव वापरल्याने. एका संस्थेचा उत्साही स्वयंसेवक दुकानोदुकानी ‘डॉक्टरांनी पाठवलंय’ सांगत फिरला. डॉक्टरांनी फक्त ‘काम चांगले आहे’ एवढे म्हटले होते. लोकांनी डॉक्टरांकडे बघून पैसे दिले. महिने गेले, पावत्या नाहीत, आभाराचे पत्र नाही. शेवटी एका दुकानदाराने भर दवाखान्यात डॉक्टरांनाच हिशेब विचारला. त्या डॉक्टरांनी नंतर कुठल्याच संस्थेसाठी शब्द टाकला नाही, आमच्यासाठीही नाही. तालुका एवढासा असतो. एकाने केलेले सगळ्यांना भोवते.

तेव्हापासून आमचा रिवाज असा आहे की ओळख करून देणाऱ्याने आधी स्वतः द्यावे. शंभर रुपये का असेनात. ज्याने स्वतः दिले तो दुसऱ्याला निर्धास्तपणे सांगू शकतो. मग त्याला विचारायचे, ‘तुमचे नाव घेऊ का, आणि काय म्हणून घेऊ?’ जमले तर पहिल्या भेटीला तो सोबत असावा. भेटीत पैशांची गोष्ट काढायची घाई नको. केंद्र बघायला बोलवा, गंजलेली खाटही दाखवा. देणगी आली की पावती देणगीदाराला, आणि त्याच दिवशी ओळख करून देणाऱ्याला फोन: ‘तुमच्या शब्दाला मान मिळाला.’ नाही आली तरी फोन करायचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात क्यूआर कोड टाकून मोकळे होणाऱ्यांविषयी काय बोलू! शाळेच्या बॅचचा गट वाढदिवसांसाठी असतो. तिथे मागायचेच असेल तर ज्याला मागायचे त्याला वेगळा फोन करावा.

आता परदेशातल्या माणसांविषयी, कारण इथे गोव्याची गोष्ट निराळी आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथले नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर कितीतरी मुले इंग्लंडला गेली. माझ्या मानलेल्या बहिणीचा मुलगा स्विंडनला गोदामात काम करतो. त्याला आजीच्या नावाने ऑक्सिजनचे यंत्र द्यायचे होते. आमच्या अकाउंटंटने पैसे यायच्या आधीच थांबवले. 2010 च्या परदेशी देणगी नियमन कायद्याप्रमाणे परक्या देशाचा नागरिक म्हणजे परदेशी स्रोत, मग तो पेडण्यात का जन्मलेला असेना. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी फरक पडत नाही. आमच्याकडे त्या कायद्याखालची नोंदणी नाही. ती ज्यांच्याकडे आहे त्यांनाही असा पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खास खात्यातच घ्यावा लागतो, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मी हे फोनवर सांगितले तेव्हा तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘मावशे, म्हणजे हांव परको जालों?’ मला उत्तर सुचले नाही. पैसे आईच्या खात्यातून फिरवू या, असे सुचवणारे चार जण लगेच पुढे आले. अशा सल्ल्यांपासून लांब राहा, संस्था गोत्यात येईल.

याउलट दुबई, कुवेत, मस्कतमध्ये भारतीय पासपोर्टवर राहणारा माणूस किंवा जहाजावर काम करणारा तारवटी आपल्या कमाईतून बँकेमार्फत जी देणगी देतो, ती परदेशी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत मात्र मागून ठेवा. स्विंडनच्या त्या मुलाने पुढे आखातातल्या आपल्या वर्गमित्रांना फोन केले, आणि ते यंत्र त्यांच्या पैशांतून आले. मोरजी-हरमलच्या बाजूला जे काम करतात त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: परदेशी पाहुण्याने पेटीत रुपयांतली नोट टाकली तरी ती परदेशीच देणगी.

पावतीचे नियम थोडक्यात. महाराष्ट्रातल्या पुस्तिका वाचून इथे धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय शोधू नका. आपल्याकडच्या बहुतेक संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालच्या असतात. करसवलतीचे आमिष दाखवून मागू नये. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना मुळीच नाही. ज्यांना हवी असेल त्यांचा पॅन त्याच वेळी घ्यावा, मेअखेर विवरण भरताना धावपळ होते. तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीचा मॅनेजर असला तरी कंपनीच्या सामाजिक निधीचा (सीएसआर) निर्णय बहुधा मुंबईच्या मुख्य कचेरीत होतो, आणि त्यासाठी सीएसआर-1 ची नोंदणी व तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. मॅनेजरला भरीला घालून उपयोग नाही. त्याच्याकडून अर्ज कुणाला करायचा ते समजून घ्या.

राहिले राजकारणी. निवडणूक जवळ आली की व्हीलचेअरी चालत येतात. एका वर्षी एकाने दिलेल्या खुर्च्यांच्या पाठीवर त्याचे छायाचित्र चिकटवलेले निघाले. रुग्णाच्या घरच्यांना ती खुर्ची देवळात न्यायची लाज वाटू लागली. तेव्हापासून आम्ही कोणाचेही नाव फक्त केंद्रातल्या फलकावर लिहितो, रकमेशिवाय. जत्रेच्या नाटकात देणगीदाराचे नाव रकमेसकट पुकारतात, त्याची गंमत वेगळी; पण आजाऱ्याच्या खाटेवर जाहिरात नको. ही अट देणगी घेण्याआधीच सांगतो. काही जण परत जातात. जाऊ दे.

शेवटी एक मागणे, पैशाचे नव्हे. दोन्ही तालुक्यांत कितीतरी घरांच्या माळ्यावर, गाड्याच्या खोपीत वापरून झालेल्या खुर्च्या, वॉकर, गाद्या धूळ खात पडल्या आहेत. माणूस गेला, वस्तू टाकवत नाही, ठेववतही नाही. त्या पुसून जवळच्या साहित्य केंद्रात नेऊन द्या. वस्तूच्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, तरी पावती मागून घ्या.