जंतूच्या घराची दारे



कोमट दुधास विरजण लावून ठेवले म्हणजे सकाळी त्याचे दही होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. दुधातील शर्करा जीवाणू खातात, तिचे आम्ल करतात व त्या आम्लाने दूध जमते, एवढे आपण पाठ्यपुस्तकातही वाचतो. परंतु त्या जीवाणूस तोंड नाही, जीभ नाही, पोट नाही. मग ती शर्करा त्याच्या अंगात शिरते तरी कोणत्या वाटेने? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. तथापि त्याचे उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञ जेथे पोहोचले, तेथे आपल्या घरातील आजारी माणसाच्या जीविताचा प्रश्न उभा होता. त्या शोधाची हकीकत आम्ही येथे क्रमाने सांगणार आहोत.

उदाहरणादाखल माणसाच्या आतड्यात राहणारा ए. कोलाय नावाचा जीवाणू घेऊ. जर्मन-ऑस्ट्रियन वैद्य थिओडोर एशरिश यांनी १८८५ साली त्याचे वर्णन केले. त्याची लांबी सुमारे दोन मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर असे पाचशे जंतू एकापुढे एक मावतील. पोषक अन्न व ऊब मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या इवल्याशा घरास भिंत म्हणून स्निग्ध पदार्थाचे अत्यंत पातळ पटल असते. तेलात साखर टाकून कितीही ढवळली तरी ती विरघळत नाही, हे आपण घरीच पाहू शकता. त्याच कारणाने शर्करेस या स्निग्ध पटलातून आपोआप आत जाता येत नाही. तिच्यासाठी दारच हवे. ही दारे प्रथिनांची बनलेली असतात, आणि बहुधा एका जातीच्या पदार्थास एक दार अशी व्यवस्था असते.

दारांचा हा सुगावा लागला पॅरिस शहरी. झाक मोनो या तरुण शास्त्रज्ञाने जंतूंपुढे एकाच वेळी दोन शर्करा ठेवल्या. १९४१ साली त्याने नोंदविले की, जंतू दोन्ही एकदम खात नाहीत. द्राक्षशर्करा, जिला आपण ग्लुकोज म्हणतो, ती ते प्रथम संपवितात. नंतर काही काळ वाढ थांबते आणि मग दुसऱ्या शर्करेवर ती पुन्हा सुरू होते. पुढे १९५६ साली पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, दुग्धशर्करा आत घेण्यासाठी ए. कोलायपाशी एक स्वतंत्र प्रथिन असते. काही जंतूंच्या अंगी दुग्धशर्करा फोडणारा पाचक पदार्थ होता, तरीही त्यांस तिचा उपयोग करता येत नव्हता. घरात चूल पेटलेली, परंतु दार मात्र बंद, अशी त्यांची अवस्था होती. शिवाय हे दार जंतू नेहमीच तयार ठेवीत नाही. दुग्धशर्करा भेटली म्हणजेच तो ते मोठ्या प्रमाणात बनवितो. गरज नसता खर्च करावयाचा नाही, हा त्याच्या चयापचयाचा नियम आहे.

परंतु ग्लुकोज असता दुग्धशर्करा मागे का राहते? याचा एक उलगडा अमेरिकेतील सॉल रोझमन व मिल्टन सायर या शास्त्रज्ञांच्या कामातून झाला. ग्लुकोज आत येते तेव्हाच तिच्या अंगास फॉस्फेटचा बिल्ला लावला जातो, ही पद्धत रोझमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली शोधली. हे काम करणारी काही प्रथिने आहेत. ग्लुकोजचा ओघ चालू असला म्हणजे त्यांपैकी एक प्रथिन जाऊन दुग्धशर्करेच्या दारास जणू कडी घालते. म्हणजे आहार आणि दार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. काय खावयाचे, हे जंतू दारापाशीच ठरवितो.

आता दार उघडण्यास बळ कोठून येते ते पाहू. इंग्लंडचे पीटर मिचेल यांनी १९६१ साली एक कल्पना मांडली. अन्नापासून मिळणाऱ्या शक्तीने जंतू प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पटलाबाहेर ढकलतो. ते कण पुन्हा आत येण्यास ओढ घेत असतात. पाणचक्कीत उंचावरून येणारे पाणी ज्याप्रमाणे जाते फिरविते, त्याप्रमाणे आत परतणारा प्रोटॉन दार फिरवितो व दुग्धशर्करेस सोबत घेऊन येतो. प्रारंभी अनेकांनी शंका घेतलेल्या या कल्पनेस १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवर अन्न आत घेण्याची गोष्ट झाली. आता औषधाकडे वळू. १९४८ साली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेतून ऑरिओमायसिन हे औषध जगापुढे आले. ते मातीतील एका सूक्ष्म जीवापासून बेंजामिन डगर यांनी मिळविले होते. तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्रात जन्मलेले आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. टेट्रासायक्लिन नावाच्या औषधकुलातील हे पहिले औषध होय. ही औषधे जंतूच्या आत शिरतात आणि त्याचा प्रथिने बनविण्याचा कारखाना बंद पाडतात. त्यामुळे जंतूची वाढ खुंटते व रुग्णाच्या शरीरास त्याचा निःपात करण्यास अवसर मिळतो.

परंतु थोड्याच वर्षांत जपानमध्ये अतिसाराचे असे जंतू सापडू लागले की, ज्यांच्यावर एक नव्हे, अनेक औषधे चालेनात. टेट्रासायक्लिन हेही त्यांपैकी एक होते. १९५९ साली तेथील संशोधकांनी दाखविले की, हा गुण एका जंतूकडून शेजारच्या जंतूस दिला जाऊ शकतो, मग तो दुसऱ्या जातीचा का असेना! पण हा गुण म्हणजे नेमके काय? जंतू औषध फोडून टाकतो, की त्यास आत येऊ देत नाही?

याचे उत्तर १९८० साली बोस्टन येथे मिळाले. लॉरा मॅकमरी, रिचर्ड पेट्रुची व स्टुअर्ट लेव्ही यांनी प्रतिकारक ए. कोलाय जंतूंची पटले वेगळी करून त्यांच्या सूक्ष्म पिशव्या बनविल्या, परंतु उलट्या. सदऱ्याची बाही उलटी केली म्हणजे आतले अस्तर बाहेर येते, तशा त्या होत्या. या उलट्या पिशव्यांनी टेट्रासायक्लिन आत ओढून साठविले. याचा अर्थ सरळ होता. पिशवी सुलटी असता, म्हणजे जिवंत जंतूमध्ये, हेच यंत्र औषध बाहेर फेकत असले पाहिजे. जंतू औषध नष्ट करीत नव्हता. बुडू पाहणाऱ्या होडीतील नावाडी जसा पाणी उपसतो, तसा तो औषध उपसून टाकीत होता.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. दुग्धशर्करेचे दार आत येणाऱ्या प्रोटॉनच्या बळावर चालते, आणि टेट्रासायक्लिनचा पंपही त्याच बळावर चालतो. दुग्धशर्करा भेटली म्हणजे दार बनते, आणि टेट्रासायक्लिन भेटले म्हणजे पंप बनतो. त्यासाठी औषधाचा अगदी अल्प अंशही पुरतो. या दोहोंत नाते असेल काय? सायर यांनी अनेक जीवांतील अशा प्रथिनांची रचना ताडून पाहिली. १९९३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने दाखविले की, शर्करा आत घेणारी अनेक दारे व औषध बाहेर टाकणारे अनेक पंप एकाच मोठ्या कुळातील आहेत. दुग्धशर्करेचे दार व टेट्रासायक्लिनचा पंप ही त्याच कुळातील भावंडे होत. एक घरात आणतो, दुसरा घराबाहेर टाकतो.

या शोधाचे तात्पर्य मोठे आहे. औषधांपासून बचाव करण्यासाठी जंतूंनी हे पंप काल निर्माण केले, असे नव्हे. ए. कोलायमध्येच एक पंप आहे, जो आतड्यातील पित्ताचे क्षार बाहेर टाकतो आणि तोच अनेक प्रकारची औषधेही बाहेर टाकतो. घर झाडून काढण्याची ती जुनी केरसुणी आहे. जंतू शाळेत जाऊन प्रतिकार शिकत नाहीत. लाखोंमध्ये ज्या थोड्यांपाशी चांगला पंप असतो, ते औषधाच्या माऱ्यातून वाचतात, आणि वीस वीस मिनिटांनी दुप्पट होत जाऊन त्यांचीच प्रजा सर्वत्र पसरते. आपण विनाकारण औषध घेतो, तेव्हा दुर्बळांस मारून बलवानांस मोकळे रान देतो.

याचा परिणाम किती भयंकर आहे, हे एका आकड्यावरून कळेल. औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षी जगात सुमारे १२ लक्ष ७० हजार मृत्यू झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पंप हे त्या प्रतिकाराचे एकमेव कारण नव्हे, परंतु महत्त्वाचे कारण खास आहे. पंपात अडसर घालणारे पदार्थ प्रयोगशाळांत शोधले जात आहेत, तथापि ते अद्याप नित्याच्या उपचारात आलेले नाहीत. तोवर आहेत ती औषधे जपून वापरणे आपल्या हाती आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही नियम पाळावेत, अशी आमची विनंती आहे. साधे पडसे विषाणूंमुळे होते. विषाणूस जीवाणूसारखे स्वतःचे घर नाही व प्रथिनांचा कारखानाही नाही. मग ही औषधे त्याचे काय बिघडविणार? ज्या औषधाच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. या रेघेचा अर्थ लोकांस कळावा म्हणून भारत सरकारने २०१६ साली मोहीमही काढली होती. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा व दिवस आपल्या मनाने कमीजास्त करू नयेत. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देऊ नयेत, मग तो कितीही जिव्हाळ्याचा असो.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जंतू दोन शर्करांपैकी कोणती आधी खातो, हे मोनो पाहत होते, तेव्हा त्या प्रश्नात रुग्णांचे हित दडलेले आहे, हे कोणास सांगता आले नसते. ग्लुकोज संपल्यावर जंतूंची वाढ थोडा वेळ थांबली, एवढीच ती बारीकशी नोंद. परंतु मोनोंनी ती क्षुल्लक म्हणून सोडून दिली नाही. तुमच्या प्रयोगवहीत अपेक्षेबाहेरचे काही उतरले, तर ते खोडून टाकण्यापूर्वी एकवार नीट विचार करा.