आफ्रिकान्समध्ये क्रियापदाची जागा धरा

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात बोलल्या जाणाऱ्या आफ्रिकान्समध्ये क्रियापद पुरुष-वचनानुसार बदलत नाही. त्यामुळे रूपांचे तक्ते फारसे नाहीत; खरी मेहनत आहे शब्दक्रमाची. माझा सल्ला असा : एकच वाक्य घ्या आणि ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा.

'एक लीस फनांत दी बुक इन दी कामर.' म्हणजे मी आज संध्याकाळी खोलीत ते पुस्तक वाचतो. इथे 'एक' म्हणजे मी. क्रम आहे कर्ता, क्रियापद, वेळ, कर्म, स्थळ. दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांत हाच क्रम 'स्टोम्पी' या आद्याक्षरांच्या शब्दाने पाठ करून घेतात. कर्म सर्वनाम असेल तर मात्र ते वेळेच्या आधी येतं : 'एक लीस दित फनांत.'

आता वेळ पुढे आणा : 'फनांत लीस एक दी बुक.' क्रियापद दुसऱ्या जागेवरून हललं नाही, कर्ता त्याच्यामागे गेला. मराठी माणूस इथेच अडखळतो, म्हणून हा बदल रोज मोठ्याने म्हणा. सुरुवात कधी वेळेने, कधी स्थळाने करा.

मग भूतकाळ. 'एक हेत खिस्तर दी बुक खलीस', मी काल ते पुस्तक वाचलं. सहायक 'हेत' दुसऱ्या जागी, मुख्य क्रियापद थेट शेवटी. इच्छा सांगणाऱ्या 'विल'चंही तसंच : 'एक विल दी बुक लीस.'

यापुढची पायरी आपल्याला सर्वांत जवळची. 'ओमदात' म्हणजे कारण. तो आला की सगळी क्रियापदं शेवटी जातात : 'ओमदात एक दी बुक खलीस हेत', कारण मी ते पुस्तक वाचलं आहे. 'वाचलं आहे' आणि 'खलीस हेत', क्रम अगदी तोच. पण त्याच अर्थाचा 'वांत' वापरलात तर साधाच क्रम राहतो. हे दोन शब्द शेजारी ठेवूनच शिका.

नकार दोनदा येतो : 'एक लीस नी दी बुक नी.' क्रियापदापुढे काहीच नसेल तर एक 'नी' पुरे : 'एक लीस नी.'

एवढं तोंडात बसलं की 'आरएसजी' या आफ्रिकान्स रेडिओवरच्या बातम्या ऐका. अर्थ लागला नाही तरी चालेल. प्रत्येक वाक्यात क्रियापद कुठे आलं, तेवढं टिपत जा.