ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

हे बघ, लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा होतात तुझ्या खात्यात आणि मेसेज वाजतो दिराच्या मोबाईलवर, हे काही मला पटलेलं नाही. माणूस चांगला आहे, मला माहीत आहे. आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाईल होता, त्याचा नंबर दिला, तो अजून तसाच. पण आता तुझ्या नावाचा प्रत्येक ओटीपी आधी त्याच्या हातात पडतो. पेपरातल्या चोरांना आपण घाबरतो, आणि बाईचं खासगी असं जे काही असतं ते घरातच आधी संपलेलं असतं.

जिंतूरला बाजाराला जाशील तेव्हा आधार केंद्रावर स्वतःचा नंबर लावून घे. कागद लागत नाहीत, बोटं दिली की झालं. बँकेतला नंबर मात्र वेगळा बदलावा लागतो, तिथं अर्ज दे. आणि सिम तुझ्याच नावावर असू दे. दिराला सांग, तुम्हाला सारखा त्रास नको म्हणून बदललं. खरं कारण सांगायलाच हवं असं थोडंच आहे?

‘आमचं काय लपवायचंय, ताई?’ असं तू म्हणणारच. अगं, आधारवरून कोर्टात गेले ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ऐंशीच्या पुढचे होते. त्यांनी तरी काय लपवलं होतं? 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो दिल्लीला आहे तसा आपल्या बोरीलाही आहे.

मोबाईल नकोच म्हणणाऱ्यांतली मी नाही. पैसा मधल्या कुणाच्या हाताला न लागता थेट तुझ्या खात्यात येतो, ही काय लहान गोष्ट झाली? फक्त अंगठा जपून लावायचा. गावातल्या बँक मित्राकडे पैसे काढताना तो म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, परत लावा.’ परत लावायच्या आधी पहिल्याची पावती माग. ‘फेल’ छापलेली का असेना, माग. मागं रांग कुरकुरली तर कुरकुरू दे.

आधारच्या ॲपमध्ये बोटांचे ठसे लॉक करता येतात. तुझे कर, अंगठ्यानं पैसे काढायचे तेव्हा तेवढ्यापुरतं उघड. आईचे मात्र करू नको. कापूस वेचून वेचून तिची बोटं अशी झिजलीत की रेशन दुकानात मशीन आधीच तिला ओळखत नाही. वर लॉक लावलं तर तिचे गहू-तांदूळ अडकायचे. ज्याचं त्याचं बघून ठरवावं लागतं गं.

झेरॉक्सच्या दुकानातही लक्ष ठेव. काळी आलेली प्रत तो टेबलाखाली टाकतो. ती मागून घ्यायची आणि फाडायची. नाहीतर उद्या तुझ्या आधारकार्डात कुणी भजी बांधून देईल. पीडीएफ त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती तिथंच राहते, काम झालं की समोर पुसायला लाव. चालत असेल तिथं आधीचे आठ आकडे झाकलेलं आधार दे, तेही आधारच्या साईटवरून निघतं.

आणि लग्नपत्रिका! हिंगोलीतली गोष्ट आहे, 2025 ची. एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. दिसायला पीडीएफ, निघाली एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल. उघडली आणि खात्यातून 1 लाख 90 हजार गेले. शिकलेला, नोकरीतला माणूस. तेव्हा पत्रिका कुणाचीही येऊ दे, नावाच्या शेवटी एपीके दिसलं की हात लावायचा नाही. ज्याच्या घरी लग्न आहे तो फोन करतोच की.

एवढं करूनही कधी पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव. नवरा काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील, म्हणून बायका दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे या खात्यातून त्या खात्यात पसार होतात. घरची बोलणी तुझ्या वाटची मी खाईन. तू आधी फोन लाव.